सरळ विचारायचं

उन्हानं जीव गेला, म्हणत आम्ही शिरलो
धंतोलीतल्या त्या हॉलमध्ये.
मे महिना, दोन कूलर,
त्यातल्या एकात पाणीच नाही.
सतरा जण होतो. हॉस्टेलचे वॉर्डन, दोन नर्सबाई, एक ऑटोवाला,
रेशीमबागेतले सलूनवाले हंसराज लांजेवार,
आणि मी,
नंदनवनातल्या अभ्यासिकेची किल्ली सांभाळणारी.

तितरमारे मॅडमनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
म्हणाल्या, दिवसातून किती वेळा मरता?
आम्ही हसलो. मग मोजू लागलो.
मरायला वेळ नाही. मरू दे ना बावा.
मेलं ते नेट. भुकेनं मेली, लाजेनं मेली,
मरमर केली अन् हाती काय आलं.
जेवणाच्या सुटीपर्यंत बत्तीस झाले.

आता शेजारच्याला एकदा खरं विचारा, म्हणाल्या.
आडून नाही. "तसलं काही" नाही, "उलटसुलट" नाही.
आत्महत्येचा विचार येतो का?
पूर्ण शब्द, त्याच्याकडे पाहून.

बत्तीस मरणं सहज बोललेली माझी जीभ
टाळ्याला चिकटली.
मॅडम, विचारलं तर आपणच डोक्यात भरवल्यासारखं नाही का होत?
नाही, म्हणाल्या.
जो एकटाच घेऊन फिरून राहिला
त्याला ओझं टेकवायला ओटा मिळते.

लांजेवारभाऊंच्या हातात एक कागद होता,
त्यावर त्यांचं खोटं दुःख छापलेलं.
पहिल्यांदा मी म्हटलं, असं बोलू नये भाऊ, लेकरांकडे पाहा.
मॅडमनी मान हलवली.
दुसऱ्यांदा म्हटलं, टेन्शन कोणाले नसते?
पुन्हा मान.
तिसऱ्यांदा विचारलं.
आणि गप्प बसले. गप्प बसायचीही प्रॅक्टिस असते
हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.
कोरडा कूलर घरघरत राहिला.

भाऊ म्हणाले, कागदावर "हो" लिहून आहे.
मग कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली.
मागच्या तान्ह्या पोळ्याले कागद नव्हता, ताई.
दिवसाची तीस डोकी माझ्या हाताखालून गेली.
एकानंही इचारलं नाही.

मॅडमनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.
पुढचा तास आम्ही सोळाच जण शिकलो.

जुलैत, चौदा नंबरच्या टेबलावरची
दिव्यानी कोवे, कुरखेड्याची,
पुढच्या महिन्याची फी आगाऊ देऊन गेली.
नोट्स मैत्रिणीला दिल्या.
रात्री अकराला चार्जर माझ्यापुढे ठेवला,
ठेवून घ्या मावशी, कोणाच्या कामी येईल.
आणि हसली. फार दिवसांनी इतकी नीट हसली
की माझ्या पोटात खड्डा पडला.

कुलूप लावायचं होतं. किल्ली कमरेला खोचली.
मॅडमचा शब्द तोंडात मावेना,
मी माझाच घातला, पण सरळ:
दिव्यानी, जीव द्यायचा विचार येऊन राहिला का तुला?

हो नाही, की नाही नाही.
तिनं चपला काढल्या
अन् पायरीवर बसली.

मीही बसले. गुडघे कुरकुरले, कुरकुरू दिले.
दीड वाजेपर्यंत ती बोलली, त्यातलं इथं काही लिहिणार नाही.
मध्ये एकदा मी "सगळं ठीक होईल" म्हणणार होते,
गिळलं.
तिला विचारूनच मॅडमना फोन लावला.
रात्री माझ्याच घरी निजली, माझ्या खाटेशेजारी,
आणि पहाटे तिचा भाऊ पोचला,
शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

चार्जर माझ्या कपाटात आहे.
गुरुवारी तिचा फोन येतो. एखादा गुरुवार येत नाही,
मग मी करते.

काल पाण्याच्या कॅनवाल्याला म्हटलं,
आज नाही ना, मरू दे, उद्या आण बावा.
तो गाडीकडे वळला
आणि मी त्याला परत हाक मारली.
काहून मावशी?
काही नाही, म्हटलं.
थांब जरा. जेवला का तू?