बोथट

पंचेचाळीसचं पातं घ्यावं.
अठ्ठावीसचं फक्त वळणांना, कोयरीच्या शेपटीला;
साठचं जाड थर लोण्यासारखे कापतं म्हणतात,
पण माझ्या मनगटाला ते झेपत नाही.
मस्कतहून ग्रेसी दहाची डबी पाठवते,
प्रत्येक पातं तेलकट कागदात, नव्या नाण्यासारखं,
आणि मीही ते नाण्यासारखंच मोडते, जिवावर आल्यागत.

घर वेंगुर्ल्यात, बंदराच्या चढणीवर.
खिडकी उघडली की समुद्र थेट मशीनवर.
टाचण्या गंजतात, कात्रीचा खिळा गंजतो,
पात्यावर दोन दिवसांत चहा सांडल्यासारखे ठिपके.
शेजारची इनासबाय म्हणते,
"खारो वारो माणसांक खाता, पात्याक सोडतलो?"

म्हणून काम संपलं की स्क्रू सैल करायचा,
वायसर उताणं होतं की पालथं ते लक्षात ठेवायचं
(मी दर वेळी चुकते),
पात्याखाली दडपून बसलेले तंतू
जुन्या गंजिफ्रॉकच्या चिंधीनं पुसायचे,
मग मशीनचं तेल. एकच थेंब.
दोन झाले की पहिल्याच पट्टीवर डाग,
आणि सावंतवाडीची गिऱ्हाईक
गोधडी बघते ती डोळ्यांत तेल घालून.

कधी बदलायचं, ते पातंच सांगतं.
नवं बोलत नाही. जुनं कुरकुरतं.
मग हात आपणहून जोर लावतो
आणि रात्री खांदा हिशेब मागतो.
टाचणीवरून गेलं तर विषयच संपला:
कडेला खाच पडते, डोळ्याला न दिसणारी,
आणि दर साडेपाच इंचांवर
एक धागा न कापता राहतो.
मोजून बघा, पात्याचा वेढाच तेवढा.
परत तिथेच, परत तिथेच,
एकच गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्या माणसासारखं.

चंदेरी कागदाच्या घड्या कापल्या की धार परत येते म्हणे.
मी कापल्या.
आलीही. गुरुवारपर्यंत.

शिमग्यानंतर असंच एक बाद पातं
पेपरात गुंडाळून कचऱ्यात टाकलं.
दुसऱ्या दिवशी घंटागाडीवर शेवंती नव्हती.
चौथ्या दिवशी आली ती पंजाला फडकं बांधून.
"गोल होता, मदी भोक," ती म्हणाली,
"सोऱ्याची चकती काय गो?"

मी म्हटलं, माझंच ते.

कापडाला बोथट झालेलं पातं
बोटाला बोथट नसतं.
डबीवर सगळं छापलेलं असतं, हे सोडून.
शेवंती गाडीचा दांडा धरून उभी राहिली.
"मगे, सांगूक नको?"
एवढंच.

आता खजुराच्या डब्याच्या झाकणाला
हरकुळकराच्या वेल्डिंगमध्ये चीर पाडून आणली आहे.
(तो विचारत होता, भिशी सुरू केलीत का?)
बाद पातं चिरेतून आत.
थोडी धुगधुगी असलेली वेगळी,
पाठीवर मार्करनं 'का': कागदाचे नमुने कापायला.
शेवंती येता-जाता डबा हलवून बघते.
"भरलो नाय अजून."

तिच्यासाठी गोधडी काढली होती,
निळी, आठ बाय आठ चौकड्यांची.
ती नको म्हणाली.
"गोधडी कित्याक? जाडे हातमोजे दी."

काल तिचा पंजा कागदावर ठेवून
कडेनं पेन्सिल फिरवली.
करंगळीशेजारचं बोट अजून सरळ होत नाही,
ते जसं आहे तसंच काढलं.
नमुना 'का'च्या पात्यानं कापला.
पण वर जीनचे चार थर, आत रबरी अस्तर,
तिथे पंचेचाळीस चालत नाही.
ग्रेसीला लिहिलंय:
या वेळी साठची पाठव.
मनगटाचं मी बघते.