मुकुटाचं माप

तांबट आळीत माझी भट्टी शेवटची,
त्यापुढे उतार, आणि नदी.

राजा गेला त्या रात्री गोदा थांबली.
आटली नाही. थांबली.
सातव्या पायरीपाशी पाणी असं उभं
की संध्याकाळी कुणी सोडलेला दिवा
चार दिवस तिथंच, जळत.

नियम जुना आहे, मी केलेला नाही:
मुकुट एकच, तांब्याचा,
आणि डोकी मापायची नाहीत.
ज्याला बसेल, त्याच्यासाठी पाणी वाहील.

रणधवल आला मध्यरात्री, सुताचा दोरा घेऊन,
दोऱ्याला दोन गाठी.
"एवढाच कर, काकू."
हाच लहानपणी माझ्या हातोड्या मोजायचा,
एक कमी भरली तर जेवायचा नाही.
मी दोरा ठेवून घेतला.
त्याच्या मागे तलवारवाले दोघं होते,
आणि त्याचा आवाज अजून पुरता फुटलेला नव्हता.

अवंतीनं भावाचं शिरस्त्राण आणलं, चोरून.
"याहून बोटभर लहान."
आणि तुझं डोकं, गं?
"माझं मी बघीन."
जाताना चिंच लावून ठेवलेला गडू दिसला तिला,
बापाचा, पोचा पडलेला.
उंबऱ्यात उभी राहिली, बराच वेळ.
मग शिरस्त्राण विसरून गेली.

कुमू आली भरदुपारी, भूक लागली म्हणून.
माझी अर्धी भाकरी खाल्ली,
भाता ओढला, ठिणग्यांना नावं ठेवली.
सिंहासनाचं चकार शब्द नाही.
म्हणाली, "त्या दिव्याला पुढं जायचंय."

मी तांबं मठारलं तीन रात्री.
दोरा भट्टीत टाकला. शिरस्त्राण पाण्याच्या हंड्यावर झाकण.
हात चालले तसे चालू दिले,
आणि पहाटे पाहते तर मुकुट मोठा झालेला,
कुणालाच न बसेल असा.

घाटावर सगळं नाशिक.
रणधवलनं घातला, तो नाकापर्यंत घसरला.
कुणीतरी हसलं. मग बरेच हसले.
तो आंधळ्यासारखा उभा, हात पुढे करून,
पायरी शेवाळलेली.
अवंती का धावली, ते तिलाही सांगता येणार नाही.
तिनं दोन्ही हातांनी मुकुट वर धरला
आणि दिवा
वीतभर सरकला.

तिनं हात काढला. दिवा थांबला.
पुन्हा धरला.

तेव्हापासून भांडतायत दोघं:
घालायचा कुणी, धरायचा कुणी.
गोदा तेवढी वाहते जेवढा वेळ भांडण मिटलेलं असतं.
आम्ही घागरी तयार ठेवतो.

आज भट्टी झाडताना
सहज हातोड्या मोजल्या.
एक कमी.
बारकी, मठारायची,
कुमूच्या मुठीत मावेल एवढी.