रात्रपाळीची वही

दुकानामागचा पेट्रोलपंप पिंजऱ्यात असतो.
दोन कुलपं. एकाची किल्ली माझ्या गळ्यात,
दुसरीचा पत्ता पोरांना माझ्याआधी लागतो.

मध्यंतरी सरकारने नवं पेट्रोल पाठवलं,
हुंगलं तर नुसतं डोकं दुखतं, असलं.
दोन वर्षं बरी गेली.
मग दुकानातले अंगावर मारायचे फवारे
आठवड्याच्या आत संपायला लागले,
आणि घामाचा वास तर कुणाच्याच अंगचा गेला नाही.

नऊनंतर मी टोयोटा काढते.
शेजारी डेलरीन, तिच्या मांडीवर टॉर्च आणि वही.
वहीत चार रकाने: वेळ, जागा, नाव, काय सापडलं.
गवत नसलेलं फुटबॉलचं मैदान,
दवाखान्याचा मागचा ओटा,
मग पाण्याची टाकी, जिथे वाळू टॉर्चमध्येही लाल दिसते
आणि कुत्री आम्हाला ओळखून भुंकायचा कंटाळा करतात.

आज टाकीखाली चौघं.
तिघं पळाले. एक बसूनच राहिला,
हनुवटीखाली तारेनं अडकवलेला कोकचा कापलेला डबा,
जशी दाढीच फुटलीय पोराला वेळेआधी.
मी तार सोडवली. गार होती.
ओठ तिच्याहून गार.

"नाव काय रे?" डेलरीननं विचारलं.
ती समुद्राकाठची, आमच्यात नवीन.
तो हसला.
"नाव नाहीये. एप्रिलपासून."

गाडीत मी तिला हळू आवाजात सांगितलं:
एप्रिलमध्ये ह्याच्याच नावाचा ह्याचा चुलतभाऊ
ह्याच टाकीखाली सकाळी उठला नाही.
गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही,
म्हणून त्या नावाचे जिवंतही आता कुन्मनारा.
पूर्वी म्हातारी माणसं जायची,
तेव्हा एखाददुसरा कुन्मनारा असायचा वस्तीत.
आता आठवीच्या एका वर्गात तीन आहेत.
बाई हजेरी घेतात,
तिघं एकदम "हजर" म्हणतात,
त्यातला खरंच हजर कोण, ते बाईंनी चेहऱ्यावरून ठरवायचं.

आईची बहीण आमच्यात आईच.
त्या हिशेबानं हा माझाच.
हे मी डेलरीनला सांगितलं नाही.

मागच्या सीटवरून तो मध्येच म्हणाला,
"मधमुंग्या कुठल्या झाडाच्या मुळाशी आहेत, मला ठाऊकाय.
आजीनं दाखवलेलं. हातभर खणलं की लागतात.
उद्या नेतो तुम्हाला."
मग ओकला.
तोंड पुसून पुन्हा म्हणाला, "उद्या."

वेळ: सव्वाबारा. जागा: टाकी.
तिसऱ्या रकान्यावर डेलरीनचं पेन अडलं.
चौथ्यात तिनं डबा लिहिला, तार लिहिली,
आणि माझ्याकडे बघत राहिली.

राहू दे मोकळा, म्हटलं.

त्याला त्याच्या आजीच्या शेकोटीपाशी उतरवलं.
म्हातारी काही बोलली नाही, फक्त सरकून जागा केली.

घरी जाण्याआधी मी गाडीचं मागचं दार उघडलं,
ओकारी धुतली,
फावडं आहे का, तेवढं बघितलं.