सात महिन्यांचं अंडं

हिला कोल्हा म्हणू नका.
कोल्हा तो वेगळा, काकडीला राजी होणारा,
द्राक्षं आंबट म्हणणारा,
गोष्टींत बसून बसून सुस्तावलेला.
ही खोकड, त्याची लांबची चुलतबहीण.
आणि खोकडांतही ही आइसलंडची,
जिथे काकडी पिकते काचेच्या घरात
आणि द्राक्षं येतात बोटीतून.

तिथे हिला तोवा म्हणतात.
कुणी म्हणतं लाउफोता, म्हणजे बुटक्या पायांची.
अजूनही नावं आहेत, पुष्कळ.
ज्याचा राग येतो आणि आठवणही येते,
त्याला माणसं एका नावावर सोडत नाहीत.

स्टेनवर आठ वर्षांची. तिचं घर शेवटचं.
त्यापुढे रस्ता नाही,
डोंगरांच्या कुशीत शिरलेला समुद्र तेवढा.
तिचे बाबा, केतिल, पिसांची शेती करतात.
हसू नका, खरंच!
आयडर बदकं किनाऱ्यावर येतात,
पोटाची मऊमऊ पिसं उपटून घरटी भरतात.
बाबा त्यातली थोडी उचलतात
आणि बदल्यात राखण करतात.
कुणापासून?
आलं ना लक्षात!

मे महिन्यातली रात्र, म्हणजे जवळजवळ दिवसच,
तेव्हा तिथे सूर्य झोपायचा कंटाळा करतो.
स्टेनवर खिडकीत उभी होती.
आणि दगडांमधला एक दगड उठला
आणि चालू लागला.

तपकिरी. पांढरी नाही?
नाही. पांढऱ्या त्या तिच्या बहिणी,
थंडी आली की कोट बदलणाऱ्या.
ही किनाऱ्यावरची, बारा महिने
भिजल्या दगडाच्या रंगाची.
कान इवले, मोठे कान म्हणजे थंडीला उघडी दारं.
तळपायांना केस, मोजे घालूनच जन्मलेली.
शेपूट? ती तर गोधडी,
निजताना नाकावर ओढली की झालं.
अंगावर जुन्या लोकरीच्या चिंध्या लोंबत होत्या
आणि तोंडात एक हिरवट अंडं,
न फुटलेलं.
लिंबू-चमच्याच्या शर्यतीत आपण चालतो ना,
अगदी तशी चालत होती.

कुंपणाच्या खांबाशी थांबली. खड्डा उकरला.
अंडं ठेवलं, नाकानं माती लोटली,
दाबली. पुन्हा दाबली.
मग वर पाहिलं, थेट खिडकीत.
स्टेनवरनं श्वास रोखला.
तोवेनंही बहुतेक.

सकाळी बाबांनी घरटी मोजली.
"कुणी दिसलं होतं का गं रात्री?"
स्टेनवर दह्याच्या वाटीत
खूप वेळ काहीतरी शोधत राहिली.

"चोरटी!" बाबा कुंपणाला खिळा ठोकत म्हणाले.
ठक.
"पण आपण इथे आलो बोटीतून."
ठक.
"ती त्याच्याही आधीची. समुद्र गोठला होता तेव्हा
चालत आली म्हणतात, पायी."
पुढचा खिळा त्यांना सापडेना.
तो त्यांच्या ओठांतच होता.

मग डिसेंबर.
सूर्य डोंगरापलीकडेच राहिला,
बदकं दूर पाण्यावर गेली,
किनाऱ्यावर एखादा शिंपला, एखादा मेला मासा,
तोही रोज नाही.
एका रात्री कुणीतरी भुंकलं,
घोगरं, तीनदा, घसा बसल्यासारखं.

सकाळी बर्फात पावलांची एकच ओळ,
सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी सरळ,
थेट कुंपणाच्या खांबाशी.
इकडेतिकडे उकरलेलं नाही. एकच खड्डा.
सात महिने!
स्टेनवरला तर सात मिनिटांपूर्वी
पेन्सिल कुठे ठेवली ते आठवत नाही.

बाबा वाकले. हिरवट टरफलाचा तुकडा उचलला.
खड्ड्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं.
मग स्टेनवरकडे.
"याया," म्हणाले.
त्यांच्या भाषेत याचा अर्थ काहीही होतो.
मग बुटानं बर्फ लोटून खड्डा बुजवला,
दाबला.
पुन्हा दाबला.