शेरा : नऊ

फेव्रोन्या लापोत्निकोवाच्या एकोणीस वह्या
तार्तूच्या आमच्या कचेरीत आल्या,
तेव्हा त्यांना कांद्याचा वास होता.
पेइप्सीच्या काठावर कांदे भट्टीमागे वाळवतात,
वह्याही तिथेच असायच्या, असं ड्रायव्हर म्हणाला.

माझं काम एवढंच :
वहीतलं पाणी यंत्रणेत ओतायचं,
सांडू द्यायचं नाही.

तारीख, तापमान, विरघळलेला प्राणवायू.
फॉस्फरस प्रयोगशाळेतून उशिरा यायचा,
तो दुसऱ्या कुणाच्या तरी लाल शाईत.
आणि पारदर्शकता :
दोरीला बांधलेली पांढरी थाळी खाली सोडत जायची,
दिसेनाशी झाली की दोरीवरच्या गाठी मोजायच्या.
तळं किती स्वच्छ, याचं एवढं एकच माप,
की आपण त्यात कुठवर पाहू शकतो.

शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिनं तो समासाबाहेर, पाठपोट भरलेला.
"वारा ईशान्येचा. बर्फ रात्रभर कण्हत होतं."
"हिरवी साय धक्क्यापर्यंत. पोरांना पाण्यातून ओढून काढलं."
"मासा कमी, मासेमार जास्त."
यंत्रणेत शेऱ्याला एकच आकडा बसतो.
एक म्हणजे बर्फ. दोन म्हणजे फेस. तीन, शेवाळ.
नऊ म्हणजे इतर.
मी नऊ टाकत गेलो.

पंधराव्या वहीपासून तळं गढुळायला लागलं.
दीड मीटर, सव्वा, एक.
पडद्यावरची रेघ जिना उतरल्यासारखी.
वरिष्ठ म्हणाले, हे अहवालात घ्या, गंभीर आहे.
मग अठराव्या वहीत, एका मंगळवारी,
थाळी एकदम पावणेदोन मीटरवर,
आणि शेजारी तिचं तिरकं अक्षर :
"डोळ्यांचा मोतीबिंदू काढला.
मागचे आकडे माझे आहेत, तळ्याचे नाहीत.
माफी असावी."

मी उठून पाणी प्यायलो.

सहाव्या वहीत मात्र एक मार्च कोरा आहे.
कोरा म्हणजे अगदीच कोरा नाही.
"आज थाळी सोडली नाही. स्तेपान बर्फाखाली गेला,
घसरगाडीसकट."
त्यानंतर बावीस दिवस काही नाही.
त्यानंतर : "दोन मीटर दहा. पाणी स्वच्छ."
भोक तेच होतं की दुसरं पाडलं,
ते लिहिलेलं नाही.

यंत्रणा नम्रपणे विचारते :
खंड आढळला. अंदाजे मूल्यांनी भरू का?
दोन टोकं जोडणारी सरळ रेघ ती आखूनही दाखवते,
फिकट, ठिपक्यांची, अगदी पटण्यासारखी.
मी नाही म्हटलं.
ती पुन्हा विचारते. दर वेळी फाइल उघडली की विचारते.
दर वेळी नाही म्हणायचं,
हा आता माझ्या कामाचा भाग आहे,
कुठल्याही नेमणूकपत्रात नसलेला.

आता तिथे पिवळा तरंगता खांब आहे.
दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतो,
थकत नाही, कण्हत नाही, माफी मागत नाही.
परवा पहाटे प्रकाशाचा आकडा शून्यावर आला.
भर जूनमध्ये, जेव्हा आमच्याकडे रात्रच होत नाही.
पडदा लाल झाला, फोन वाजला,
नाव नोंदवलेल्या चौघांपैकी कुणी उचलेना.
शेवटी वहीच्या पुठ्ठ्यावरचा जुना नंबर लावला.

"थांब," ती म्हणाली. मग बूट चढवल्याचा आवाज,
मग कुत्रं, दार, बराच वेळ नुसता वारा.
ऐंशी पार केलेली बाई
धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलेली मी ऐकली.

"पाणकावळा बसलाय," ती म्हणाली,
"पंख पसरून. वाळवतोय.
हाकलू?"

तिकडे लाटा फळ्यांवर आपटत होत्या.
मी म्हटलं, नको, बसू दे.

मग थोडं थांबून तिनंच विचारलं,
"शेऱ्यात काय लिहिशील?"