रात्री नऊची सुई

नऊला अंबादास हात धुतो. साबणाने, दोनदा.
तरी नखांत सूत राहतंच,
काल निळ्या टॉवेलचं, आज पिवळ्या.

औषध शेजारी, कुरापाटी काकूंच्या फ्रीजच्या दारात,
इडलीच्या पिठाला खेटून.
मे सरला तरी पत्रा तापलेलाच होता तेव्हा.
"आपल्या घरात औषध टिकायचं नाही,"
तो म्हणाला, आणि एकदम गप्प झाला.
दोन टिकली नव्हती.

एक तिसऱ्यात. एक पाचवा सरताना,
त्याची बोटं मोजता येत होती.
मी मोजली. कुणाला सांगितलं नाही.

अत्तम्मा म्हणाली, नजर.
मावशीने मंगळवारी लिंबू उतरवलं.
मी तेव्हा दिवसाला हजार विड्या वळायचे,
पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा,
वाटायचं, माझ्याच हातून काहीतरी सैल राहिलं.

हत्तुरे डॉक्टरबाईंनी रिपोर्ट उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूला वारेचं चित्र काढलं,
उपटलेल्या झाडासारखं, मुळंच मुळं.
"सैल नाही गं. उलटं आहे.
तुझ्या रक्ताला फार घाई.
जखम नाही, काही नाही, तरी गाठ मारून मोकळं.
वारेत गाठ बसली की बाळाला काय पोचणार?"

रिक्षात अंबादास हसला, कसंसंच.
"मी दिवसभर तेच करतो की.
सूत तुटलं, माग थांबला, गाठ मार, चालू कर.
तुझ्या आत पण एक जॉबर बसलाय बघ,
न तुटलेलं सांधत."

पोटाची चिमट धरतो, बेंबीपासून चार बोटं लांब,
एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे.
सुई सरळ.
ओकटी, रेंडु, मूडु... दहापर्यंत, तेलुगूत.
मराठीत मोजलं की त्याचा हात हलतो म्हणे.
चोळायचं नाही.
माझा हात आपसूक जातो चोळायला,
तो मी उशीखाली दाबून ठेवते.

एका सुईत किती हजार विड्या,
हा हिशेब अत्तम्मा तोंडातल्या तोंडात करते.
श्रावणात तिच्या कानातली फुलं गेली.
"जड व्हायची," म्हणाली,
आणि सूप पुढे ओढलं.

रिकाम्या सुया शेंगाचटणीच्या बरणीत.
दोनशे अकरा.
बरणी भरली की दवाखान्यात द्यायची, ही तिसरी.

आज सुई नाही.
उद्या सकाळी दाखल व्हायचं.
बाई म्हणाल्या, आता थांबवायचं;
बाळ आलं, वार सुटली, की गाठ हवीच,
आणि लगेच हवी.
इतके महिने ज्याला हात जोडून नको म्हटलं
त्यालाच उद्या ये म्हणायचं,
कुठल्या तोंडाने?

होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे उभे राहतायत.
इथून पाळणे दिसत नाहीत, वरचा उजेड दिसतो.

नऊ वाजले.
अंबादासने हात धुतले. साबणाने, दोनदा.
मग आठवलं त्याला.
ओले हात घेऊन तसाच उभा, दारात.
"आज कुठली बाजू होती?"
"डावी."
हात पुसून त्याने तिथेच ठेवला,
जुन्या पिवळ्या, नव्या जांभळ्या डागांवर, हलकेच.
आतून कुणीतरी ढकललं.

"ओकटी," तो म्हणाला.