छपरावरची कोर

मी पाट्या रंगवायचो.
डिंकाचे व्यापारी, न्हावी, चहाची टपरी,
ट्रकच्या पाठीवर, ‘सावकाश जा, घरी जागे आहेत.’
अक्षर डोळ्याच्या उंचीला असावं,
हे उस्ताद फद्लनं शिकवलं होतं.
आभाळाचा डोळा किती उंचीवर, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टर इख्लास म्हणाल्या, बाबिकर, छपरावर चंद्रकोर काढ.
पांढऱ्यावर लाल.
केवढी?
वरून दिसेल एवढी.
वरून म्हणजे किती वरून?
त्यांनी हातातली पट्टी गुंडाळत राहणं पसंत केलं.

तीन दिवस नुसता चुना.
लाल रंग कोर्दोफानात उरलाच नव्हता.
कोल्ड्रिंकच्या जाहिरातीतले दोन डबे सापडले,
तिसऱ्यात गेरू आणि तिळाचं तेल.
खिळ्याला दोरी बांधून वर्तुळ ओढलं, बारा पावलांचं.
चौकीदार कुकू खालून ओरडला, टोकं किब्ल्याकडे पाहिजेत!
कंपाउंडर म्हणाला, उजवीकडे.
डॉक्टरांनी कायद्याचं पुस्तक चाळलं.
कोर होती त्यात. तिचं तोंड कुठे, ते नव्हतं.
मी बाजाराकडे केलं. गिऱ्हाईक तिकडून येतं.

खाली खाटांवर दोन्हीकडची पोरं.
गणवेश दारातच कात्रीनं कापून काढायचे,
मग उरायचं ते कातडं आणि आईच्या नावाची हाक.
तरी पाच नंबरवाल्याला मी ओळखलं.
माझ्या दुकानाला काडी यानंच लावली.
लावण्याआधी ब्रश तेवढे बाहेर फेकले होते,
खोटं कशाला बोलू.
आता त्याचा डावा पाय नव्हता.
बंदूक हातातून गेली की तो शत्रू नसतो, डॉक्टर म्हणाल्या,
तो खाट नंबर पाच असतो.
आणि माझं दुकान?
त्याचाही हिशेब आहे. पण तो इथं मांडत नाहीत.
मला ते पटलं नाही.
पाणी दिलं. पटलं नव्हतंच.

मग एका रात्री आपलाच कमांडर आला,
चौदा पेट्या घेऊन.
कोठारात ठेवतो, म्हणाला, इथं कोण बाँब टाकतंय,
वर चंद्र आहे ना.
डॉक्टरांनी आवाज चढवला नाही.
मला हाक मारली, बाबिकर, चुन्याची बादली घे.
वर जा. पुसून टाक.
पेट्या आत येणार असतील
तर या घरावर ती कोर खोटी ठरते.
मी अर्धी शिडी चढलो. बादली जड होती.
खाली कोणीच बोलेना.
शेवटी ट्रकचं फाळकं वाजलं.
पेट्या गेल्या. जाताना सलाईनच्या सहा बाटल्याही गेल्या.

गुरुवारी बाजारात पेट्रोलचा एक टँकर उभा होता.
एक टँकर.
आणि एकतीस माणसं, त्यांत आल्याचा चहा विकणारी हव्वा.
पुस्तकात म्हणे वजन करायचं लिहिलंय आधी,
मिळणार काय आणि मरणार किती.
कोण करतं वजन?
ज्याच्या हातात तराजू, तो ढगाच्या वर.
मापं मात्र आम्ही होतो.

दवाखान्याला एक काच गेली फक्त.
कुकू म्हणतो, त्यांनी पाटी वाचली.
कंपाउंडर म्हणतो, नेम चुकला.
मी रात्रभर विचार करतो,
बारा पावलं कमी तर नव्हती?
घरघर येते तेव्हा मी मनात टोकं मोजतो.
एक, दोन.

आज पहाटे पुन्हा धुळीचं वादळ.
बाजाराकडचं टोक दिसेनासं झालंय.
केरसुणी काखेत मारून मी चढतोय.
शिडी धर, असं कुणालाच म्हटलं नव्हतं.
पाच नंबरवाला कुबडी भिंतीला टेकवून
दोन्ही हातांनी धरून उभा आहे.
मी खाली बघत नाही.